पाठ नसलेला झगा

"हात काढ त्या ट्रंकेवरून! आधी हात काढ, मग बोल."

"ट्रंक माझी आहे, सिस्टर एकुवा."

"ट्रंक तुझी असेल. आतला झगा आमच्या कोबिनानं आणलेल्या लेसचा आहे. छत्तीस वर्षं तो जपलास, आणि आता चार दिवसांच्या पोरीसाठी फाडायला निघालीस? तेही कुठल्या पोरीसाठी? जिच्या बापानं पोर माझी म्हणायला अजून दारूची बाटली घेऊन आपला उंबरठा ओलांडला नाही!"

अराबानं हात काढला नाही. कडीवर बोटं तशीच ठेवून ती नणंदेकडं बघत राहिली. एकुवा बहात्तर वर्षांची, अराबापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिच्या कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या अजून ओल्या होत्या. आत्ताच तिनं बाळाला न्हाऊ घातलं होतं. गेले चार दिवस ती रोज उजाडताच यायची, कढत पाण्यात फडकं बुडवून बाळाचं डोकं दाबून दाबून गोल करायची, नाक चिमटीत धरून वर ओढायची, दोन पायांनी उलटं धरून हलवायची आणि तेल लावून आईच्या कुशीत द्यायची. सॉल्टपाँडमध्ये बाळ न्हाऊ घालावं तर एकुवानं, असं सगळा मोहल्ला म्हणायचा. आणि न्हाणं उरकलं की बाळाच्या बापाच्या नावानं शिव्या घालायच्या, हेही रोजचंच.

"आंटी, मी ऐकतेय हं," आतल्या खोलीतून एवुरामा म्हणाली. ती अराबाची धाकटी मुलगी, पंचवीस वर्षांची. आठवा दिवस होईपर्यंत बाळाला बाहेर काढायचं नसतं, म्हणून दोघी पडद्याआड होत्या.

"ऐकावं म्हणूनच मोठ्यानं बोलतेय. मास्तर आहे म्हणे तो! तमालेला बदली झाली म्हणे! तमालेला काय फोन नसतात?"

"माझ्या मुलीला तुमच्या झग्यातलं चिंधूकही नको. बाजारातून दोन वार कापड आणीन मी."

"बघ, तिलाच नकोय," एकुवा अराबाला म्हणाली.

"तिला विचारलंय कुणी?" अराबा म्हणाली. "थोरली डॉर्कस आठव्या दिवशी बाहेर आली ती माझ्या लग्नातल्या जाळीखाली. एवुरामा आली ती झग्याच्या मागं लोळणाऱ्या शेपटीचा फ्रॉक घालून. डॉर्कसचे दोन्ही मुलगे आले ते ह्याच लेसमध्ये. मग हीच एकटी बाजारच्या कापडात का?"

"त्या दोघांचा बाप चार बाटल्या आणि सहा माणसं घेऊन आला होता, म्हणून!"

कोबिना, अराबाचा नवरा, दारातल्या खुर्चीत रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. रेडिओचा आवाज त्यानं आधीच कमी केला होता. आता तो बंद केला.

"बाटली मी आणतो," तो म्हणाला. "नावही मीच ठेवतो. आईचा बाप नाव ठेवतो तेव्हा काही आभाळ कोसळत नाही."

"तू गप्प बस. तुला कळत नाही." थोरली बहीण म्हणून एकुवाला तेवढा अधिकार होता, आणि तो तिनं कधी वाया घालवला नाही. "पांढरी जाळी, पांढरी शेपूट, ते सगळं दिलं ना तिनं? देऊ दे. पण अंगातला झगा राहिला पाहिजे. अराबा मेली की तिला कापडचोपड आपल्या घरानं घालायचं असतं. दर्शनाच्या पितळी पलंगावर लग्नाच्या झग्यात निजली पाहिजे ती. गावानं बघितलं पाहिजे की आमच्या भावानं बायको देवळातून आणली होती."

"सिस्टर, मी अजून मेले नाही."

"मरशील की. मी घेऊनच जाते झगा माझ्या घरी. वेळ आली की आणून देईन."

"आणि तुम्ही आधी गेलात तर?"

"माझी मुलगी आणून देईल. आमच्या घरी वस्तू हरवत नाहीत."

एवढं बोलून एकुवानं अराबाचा हात बाजूला सारला, कडी काढली, डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला, आणि तिनं झगा दोन खांद्यांशी धरून वर उचलला.

पुढून तो होता तसाच होता. छातीवर मोत्यांच्या दोन ओळी, गळ्याला बारीक कंगोरे, कमरेपासून खाली लेसची उमललेली फुलं. पण दारातून येणारं ऊन लेसमधून सरळ पलीकडं भिंतीवर पडलं. एकुवानं झगा फिरवला. मागं काहीच नव्हतं. दोन बाह्या, दोन कडांच्या शिवणी, आणि मधे मोकळी हवा.

"अगं बाई! पाठ कुठंय?"

"गेली."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"मेलेल्या बाईला पाठ कशाला लागते, सिस्टर?" अराबा म्हणाली.

पडद्याआडून एवुरामा फिस्सकन हसली. आणि कोबिनानं तोंड दुसरीकडं वळवलं, म्हणजे तोही हसत होता.

अराबा लॉरी स्टेशनजवळच्या लाकडी टपरीत चाळीस वर्षं शिवत होती. टपरीवर नाव नव्हतं, लागलंही नाही. शाळेचे गणवेश, चर्चच्या बायांचे पांढरे ब्लाउज, आणि दुखवट्याचे काळे-लाल कपडे, यांत तिचं वर्ष संपायचं. तिच्या हातचं कापलेलं कापड वाकडं जात नाही असं लोक म्हणत. ती बोलायला कमी होती, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

हा झगा तिनं स्वतः शिवला होता, चोविसाव्या वर्षी, ज्या साली पाऊस पडला नाही, रानं जळाली आणि बाजारात मक्याचा दाणा मिळेना. त्याच साली लागोसकडच्या सरकारनं इकडून गेलेल्या लाखो माणसांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं, आणि लागोसच्या बेकरीत काम करणारा कोबिना परत निघाला. येताना त्यानं अकरा वार पांढरी लेस घेतली आणि शर्टाखाली पोटाभोवती गुंडाळली. सरहद्दीच्या नाक्यावर त्याचा पंखा गेला, रेडिओ गेला, नवे बूट गेले. शिपायानं त्याच्या पोटात बोट खुपसलं आणि म्हणाला, "तिकडं चांगलं खात होतास की!" आणि सोडलं. उपासमारीच्या साली गावात हाडं घेऊन आलेल्या माणसांत एकटा कोबिनाच तेवढा फुगलेला उतरला. लोक बघून हसले. अराबानं त्याच्या पोटावरून लेस उलगडली तेव्हा त्याच्या कातडीवर फुलांची नक्षी उठली होती आणि घामानं लेस पिवळी पडली होती. तिनं ती तीनदा लिंबाच्या पाण्यात भिजवून उन्हात घातली. लग्नाच्या जेवणात उकडलेला कसावा होता आणि तीन माणसांत एक सोड्याची बाटली. पण नवरीच्या अंगावर अकरा वार लेस होती.

लग्नानंतर झगा नुसता ठेवून द्यायचा, ही गोष्ट शिवणाऱ्या बाईला झेपण्यासारखी नव्हती. डोक्यावरची जाळी आधी गेली. डॉर्कसचं बारसं झालं, मग तीच जाळी तिच्या पाळण्यावर डासांसाठी, मग स्वयंपाकघरात तळलेल्या मासळीवर माश्यांसाठी. शेवटी ती नारळाचं दूध गाळण्यात संपली. शेपटीचा एवुरामाचा फ्रॉक झाला. आतल्या साटीनचं कोबिनाच्या कोटाला अस्तर लागलं. तो कोट घालून तो लोकांच्या दुखवट्यांना जातो, आणि आतून त्याला अजून गार वाटतं म्हणतो. पाठीच्या वरच्या भागाची डॉर्कसच्या शाळेतल्या गाण्याच्या पांढऱ्या ब्लाउजला कॉलर झाली. मग डॉर्कसचं स्वतःचं लग्न ठरलं, तिनं आईचा झगा मागितला, आणि अराबा म्हणाली, "तुला मापात बसणार नाही." खरं म्हणजे तेव्हा घालण्याजोगी पाठच उरली नव्हती. डॉर्कस भाड्याच्या झग्यात लग्न लावून कुमासीला गेली, आणि पुढं तिच्या दोन मुलग्यांनी मागचा घेर संपवला.

सगळं मागून. अराबा दरवेळी मागूनच कापायची, कारण तिलाही ठाऊक होतं की शेवटी हा झगा उताणं निजून घालायचा आहे.

एकुवा अजून झगा हातात धरून उभी होती. डाव्या खांद्याच्या मागं, बाहीच्या जोडाजवळ, एक कड वेडीवाकडी होती. बाकी सगळीकडं कात्री रेघेसारखी सरळ गेली होती. एवढाच भाग उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता.

"हे असं वाकडं का कापलंस? तू कधी वाकडं कापत नाहीस."

"घाईत होते."

एकुवानं त्या कडेवरून अंगठा फिरवला. तिनं झगा घडी न घालताच ट्रंकेवर ठेवला, ओल्या बाह्या खाली केल्या आणि "पाण्याचं भांडं मी उद्या नेईन" म्हणून निघून गेली.

डॉर्कसनंतर आणि एवुरामाआधी एक मुलगा झाला होता. तो सहा दिवस होता. आठव्या दिवसाआधी गेलेलं मूल माणसांत धरत नाहीत. त्याला नाव नसतं, त्याच्यासाठी रडायचं नसतं, आईनं उलट नीटनेटकं होऊन जेवायला बसायचं असतं, नाहीतर पुढचं मूल येत नाही म्हणतात. जुन्या फडक्यात गुंडाळून बायाच त्याला नेतात. अराबानं तेव्हा एक शब्द काढला नव्हता. म्हाताऱ्या बाया अंगणात बोलत उभ्या होत्या, तेवढ्यात तिनं ट्रंक उघडली, हाताला लागली ती जागा कापली, आणि मुलाला आधी लेसमध्ये आणि मग फडक्यात गुंडाळलं. पाठीवरचा तो पहिला काप. ते गाठोडं नेलं होतं एकुवानं.

शनिवारी उजाडताना अराबाला टीचर सबीना क्रांपाच्या घरी बोलावणं आलं. टीचर सबीना मुलींच्या शाळेची मोठी बाई, ऐंशीच्या घरात वारलेली. सकाळी तिचा देह दर्शनासाठी ठेवायचा होता. घरच्या म्हाताऱ्यांनी तिला न्हाऊ घालून पावडर लावली होती, आणि आता कपड्यांसाठी त्या अराबाची वाट बघत होत्या. कुणाच्याही घरी कुणी गेलं तरी हे काम तिचंच असायचं. शीतगृहातून आलेल्या माणसाचे हात ताठरलेले असतात. ते बाहीत जात नाहीत. म्हणून झगा मागून मानेपासून खालपर्यंत कापायचा, लहान मुलाला लाळेरं बांधतात तसा पुढून चढवायचा, कडा अंगाखाली खोचायच्या आणि टाचण्या मारायच्या. असे किती झगे आपण कापले, हे तिनं कधी मोजलं नव्हतं.

सबीनाची मुलगी लेटी अक्रावरून आली होती. तिनं प्लास्टिकची पिशवी उघडून आईच्या लग्नाचा झगा काढला. पन्नासएक वर्षांचा होता, पण काल शिवल्यासारखा. डाग नाही, सुरकुती नाही, एक टाका उसवलेला नाही.

अराबानं कात्री काढली.

"कापणार, आंटी?"

"न कापता जात नाही, बाळा. मागून कापते. कुणाला दिसत नाही."

"थांबा जरा."

लेटी चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. तिनं झगा अराबाच्या हातातून घेतला, कपाटाच्या आरशासमोर गेली आणि आपल्या काळ्या कपड्यांवरून तो छातीशी धरला. इकडून एकदा बघितलं, तिकडून एकदा बघितलं.

"आई आम्हाला हात लावू द्यायची नाही," ती आरशातच बघत म्हणाली. "शाळेतून आले की मी पिशवीवरूनच चाचपायची. बटणं किती आहेत ते मोजायची." मग तिनं झगा परत दिला. "कापा आता."

अराबानं कापला. नवं कापड कात्रीखाली जसा आवाज करतं तसाच आवाज झाला. कापता कापता तिनं रिवाजाप्रमाणं मृत बाईशी हळू बोलणं चालू ठेवलं. टीचर, हात असा घेते हं, टीचर, आता मान. पण तिचं लक्ष त्या आवाजाकडं होतं. एवढ्या वर्षांत हा झगा दोन दिवस अंगाला लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पाठ फाडून.

दुपारी ती घरी आली, हातपाय धुतले, आणि ट्रंकेवर तसाच पडलेला झगा उचलून स्वतःला लावून बघू लागली. कोबिना दारातून बघत होता.

"बसतो का अजून?"

"पुढून बसतो," ती म्हणाली.

"माझ्या पोटाला तो खाजायचा. लागोसपासून इथवर." त्यानं पोटावरून हात फिरवला, आता तिथं खरंच पोट होतं. "मला कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. पण ते सगळं मी तुझ्या प्रेतावर घालायला आणलं नव्हतं."

"मग आजवर का नाही बोललात?"

"एकुवासमोर?"

अराबानं टेबल पुसलं आणि झगा पसरला. आधी तिनं मोती काढायला घेतले. बाळाच्या अंगाला टोचले असते. एकेक मोती काढून ती बशीत टाकत होती. पुढच्या घेरातून बाळाचा फ्रॉक आणि टोपरं निघत होतं. वरचा भाग जोड देऊन एवुरामाच्या ब्लाउजला पुरत होता. खडूनं खुणा करून झाल्या. कात्री मात्र तिनं अजून घेतली नव्हती.

संध्याकाळी टीचर सबीनाची माती उरकून एकुवा काळ्या-लाल कपड्यातच आली. तिनं पाटीत गरम केंके, म्हणजे पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेली मासळी आणली होती. "दुखवट्याच्या घरून दिलंय, गार व्हायच्या आत खा," म्हणत तिनं सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. एवुरामा पडद्याच्या आत, पण पडदा बाजूला सारून बसली. तिच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. तिच्या शेजारी दुकानाची पिशवी होती.

"टीचर सबीना काय दिसत होती!" एकुवा म्हणाली. "राणी! लोक म्हणत होते, जिवंतपणी इतकी छान दिसली नाही."

"मागून मी कापला तो," अराबा म्हणाली.

"मागचं कोण बघतंय?"

"तिची मुलगी बघत होती."

एवुरामानं पिशवी पुढं सरकवली. "आई, शेजारच्या मुलीला पाठवून आणलंय मी. पांढरंच आहे, दोन वार. संपव आता. कुणाचा वाद नको, माझ्या पोरीला कुणाच्या मेहेरबानीत वाढवायचं नाही मला."

"कापडाला हात लावून बघ," अराबा म्हणाली. "पॉलिएस्टर आहे. पुरळ उठेल."

एकुवाचं लक्ष तेवढ्यात टेबलाकडं गेलं. बशीतले मोती तिनं बघितले, खडूच्या रेघा बघितल्या. या वेळी ती ओरडली नाही. केंकेचं पान तिनं सावकाश सोललं.

"खांद्याचा तो तुकडा," ती पानाकडं बघत म्हणाली. "मी बघितला होता तेव्हा. गाठोडं जमिनीत ठेवताना फडकं सरकलं. पांढरी लेस दिसली."

कोबिनानं मान वर केली. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. अराबानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती एकुवाला म्हणाली.

"बोलायचं नसतं म्हणून बोलले नाही. आणि आज बोलतेय ते एवढ्यासाठी की तू मला दगड समजू नयेस. त्याला दिलास, मी काही म्हटलं नाही. सगळ्यांना दिलास, दे. पण पुढची बाजू राहू दे, अराबा. लोक काय म्हणतील? कोबिनाच्या घरी बायकोला निजवायला धड कापड नव्हतं?"

मासळीवर माशी बसली, तशी एवुरामानं ती हातानं उडवली. बाळ झोपेत तोंड वाकडं करून कण्हलं आणि परत शांत झालं.

अराबानं हात धुतले, कमरेच्या कापडाला कोरडे पुसले, आणि टेबलाजवळ जाऊन कात्री घेतली. पुढच्या घेराच्या मधोमध तिनं पहिला काप दिला, सरळ, रेघेवरून. मग कात्री खाली ठेवून ती सगळ्यांकडं वळली.

"ऐका. उद्या रविवार, मशीन बंद. म्हणून हे आज होणार. सोमवारी पहाटे ही पोर, सोमवारी जन्मलेली आपली अज्वा, ह्याच लेसमध्ये बाहेर येईल. तिची आई ह्याच लेसचं ब्लाउज घालून तिला मांडीवर घेऊन बसेल. नाव डॉर्कसचे बाबा ठेवतील, आणि सिस्टर एकुवा, बाळाला उचलून आभाळ तुम्हीच दाखवायचं. मी मेले की मला टपरीत घालते त्या निळ्या छापील कपड्यात निजवायचं. तो सैल आहे, हात आरामात जातात. मागून कापायचा नाही."